आठ-बॉल पूलमध्ये सेफ्टी मारणं : नियम काय आणि टेबलावरची रीत काय

राजारामपुरी_ब्रेक

नमस्कार मंडळी. इथं पूल आणि स्नूकर खेळणारे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतोय. राजारामपुरीत आमचा चार-पाच जणांचा ग्रुप ठरलेल्या पार्लरला असतो आणि हल्ली रोज एकाच गोष्टीवरून वाजतंय. समोरच्यानं पॉट करायचा (बॉल पॉकेटात पाडायचा) प्रयत्नच केला नाही, आपला बॉल हलकासा ढकलला आणि व्हाइट (क्यूनं, म्हणजे काठीनं, मारायचा पांढरा बॉल) दुसऱ्या बॉलामागं लपवून ठेवला, म्हणजे सेफ्टी मारली, तर ते चालतं का? एक जण म्हणतो ही सरळ चीटिंग आहे, दुसरा म्हणतो फाउल द्या, तिसरा म्हणतो तोंडानं 'सेफ' म्हणून मग मारला असतास तर चाललं असतं.

त्यात आमच्याकडं टेबल तासावर आणि हरणारा पैसे भरणार, म्हणजे फ्रेम (एक डाव) लांबली की आधीच डोकी तापलेली असतात. मला नेमकं हवंय ते असं, की सेफ्टी आधी सांगावी लागते का, जाणूनबुजून पॉट न करणं फाउल आहे का, आणि एका फ्रेममध्ये किती वेळा मारलेली चालते. अंदाजे नको, ज्यांना नियम माहितीये त्यांनीच सांगा.

मंगळवार_पेठकर

भावा स्पष्ट बोलतो, मला सेफ्टी पटतच न्हाई. खासबागेत कुस्ती लागली की लोकं निकालाची वाट बघत असत्यात, कोण नुसता धरून वेळ काढायला लागला की चारी बाजूनं आरडाओरडा सुरू हुतो, पूलचं पण तसंच हाय. दम असंल तर पॉट मार, चुकला तर चुकला. लपवाछपवीत काय मजा?

चॉक_आणि_क्यू

पेठकर, तुमचा मुद्दा कळला पण नियम तुमच्या बाजूनं नाही. सेफ्टी पूर्ण कायदेशीर आहे आणि वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमात तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. सविस्तर लिहितो, एकदाच होऊन जाऊदे.

आठ-बॉल हा 'कॉल शॉट' गेम आहे, म्हणजे कुठला बॉल कुठल्या पॉकेटात हे सांगून मारायचं. त्याच नियमात लिहिलंय की खेळणारा बॉल-पॉकेट सांगायच्या ऐवजी 'सेफ्टी' असं सांगू शकतो. तसं सांगितलं की शॉट संपल्यावर पाळी समोरच्याची, आणि त्या शॉटमध्ये जो बॉल पॉकेटात गेला तो गेलाच, बाहेर काढायचा नाही. आता इथंच सगळ्यांचा घोळ होतो. 'सेफ' न म्हणता तुम्ही नुसता बॉल हलवला, काही पडलं नाही, तरी तो शॉट चालतो, पाळी तशीही जाणारच आहे, फाउल वगैरे काही नाही. 'सेफ' म्हणायला लागतं ते तुमचाच बॉल पडायची शक्यता असते तेव्हा. समजा पॉकेटाच्या तोंडावर तुमचा बॉल लटकलाय, तो पडणार, पण त्यानंतर तुम्हाला पुढचा शॉटच नाही. काही न बोलता मारला आणि तो पडला तर समोरचा म्हणणार हा उघड शॉट होता, सांगायची गरजच नव्हती, आता तूच खेळ, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. आधी 'सेफ' म्हणून मारला तर बॉल आत, पाळी त्याची, आणि व्हाइट तुम्ही ठेवलाय तिथं.

किती वेळा, याला मर्यादा नाही. आणि चीटिंग तर अजिबात नाही. पण सेफ्टी म्हणून मारलेला शॉट सुद्धा नीट कायदेशीर शॉट असावा लागतो, आणि आपल्याकडची निम्मी भांडणं तिथंच होतात. त्याचं वेगळं लिहितो, जेवून येतो.

रंकाळ्याचा_राजू

किती वेळा मारली तरी चालते हे वाचून आमच्यातल्या एकाला धागा पाठवला, तो गप्पच बसलाय.

शाहूपुरी_स्नूकर

मी मूळचा स्नूकरवाला, पूल नंतर सुरू केलं. चॉकभाऊ जेवून येतोय तोवर एक विचारून ठेवतो. स्नूकरमध्ये मी रेडला केसभर लागून व्हाइट तिथंच थांबवतो, काही कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागत नाही, एकदम सेफ. पूलमध्ये हेच केलं तर मार्कर (पार्लरची टेबलं बघणारा) म्हणाला फाउल. बरोबर आहे का त्याचं?

चॉक_आणि_क्यू

मार्कर बरोबर आहे, आणि हेच सांगणार होतो.

पूलमध्ये व्हाइट आधी तुमच्या ग्रुपच्या (प्लेन किंवा पट्ट्यांचे, जे तुमच्याकडं असतील त्या) बॉलला लागला पाहिजे, हे सगळ्यांना माहितीये. पण लागल्यानंतर दोनपैकी एक गोष्ट घडायलाच पाहिजे, एकतर कुठला तरी बॉल पॉकेटात गेला पाहिजे, नाहीतर व्हाइट धरून कुठला का असेना एक बॉल कुशनला लागला पाहिजे. यातलं काहीच झालं नाही तर फाउल, आणि समोरच्याला बॉल इन हँड, म्हणजे व्हाइट हातात घेऊन टेबलावर कुठंही ठेवून खेळायचं. स्नूकरमध्ये ही कुशनची अट नाही, त्यामुळं स्नूकरवरून आलेली पोरं पूलच्या टेबलावर पहिली सेफ्टी मारतात तेव्हा हमखास इथंच अडकतात. आणि लक्षात घ्या, कुशन पाहिजे ते *बॉलला लागल्यानंतर*. व्हाइट आधी कुशनला लागून मग बॉलला लागला आणि दोघं तिथंच थांबले, तर ते कुशन धरत नाहीत.

याच्यातच एक बारीक कलम आहे. तुमचा बॉल आधीपासून कुशनला चिकटलेला असेल आणि तुम्ही त्याला हलकेच दाबला, तो तिथंच राहिला, तर 'कुशनला लागलाय की' असं म्हणता येत नाही. तो कुशन सोडून परत त्या कुशनला लागला पाहिजे, किंवा दुसऱ्या कुशनला गेला पाहिजे, किंवा व्हाइट तरी कुशनला गेला पाहिजे. पण बॉल चिकटलाय हे शॉटच्या आधी जाहीर झालेलं पाहिजे. कोणीच काही बोललं नाही तर तो चिकटलेला नाही असंच धरतात. म्हणून समोरचा सेफ्टीला वाकला आणि त्याचा बॉल कुशनला टेकलाय असं वाटलं, तर उठा, दोघं मिळून बघा आणि मोठ्यानं सांगा, 'हा फ्रोझन आहे'. शॉट झाल्यावर ओरडून काही उपयोग नाही.

शाहूपुरी_स्नूकर

कळलं. आणि टचिंग बॉल? स्नूकरमध्ये व्हाइट चिकटला असेल तर त्या बॉलला न हलवता लांब मारायला लागतं.

चॉक_आणि_क्यू

पूलमध्ये वेगळं. व्हाइट तुमच्याच ग्रुपच्या बॉलला चिकटलेला असेल तर थेट त्याच्याकडं मारलेलं चालतं, आणि बॉल हलला की लागला असं धरतात. धोका असतो तो चिकटलेला *नसून* एकदम जवळ असतो तेव्हा, मध्ये चॉकच्या जाडीएवढीच फट. तिथं सरळ मारलं की क्यू व्हाइटला दोनदा लागतो, तो फाउल. व्हाइट समोरच्या बॉलच्या मागोमाग तसाच पळत गेला तर समजायचं डबल हिट झालाय.

मंगळवार_पेठकर

बरं नियमात असंल, मान्य. पण खेळायला बघायला मजा कुठली त्यात?

गंगावेस_नाईनबॉल

पेठकरदादा, मजा आहे, एकदा बसून बघा. एक पोझिशन सांगतो, डोळ्यासमोर आणा.

तुमच्याकडं प्लेन, समोरच्याकडं पट्टे. त्याचे फक्त दोन उरलेत, दोन्ही वरच्या टोकाला, ब्लॅक (शेवटी पाडायचा काळा ८ नंबर) पण तिथंच जवळ आणि मोकळा. तुमचे पाच टेबलावर. म्हणजे त्यानं एकदा पाळी धरली की फ्रेम गेली. तुम्हाला पॉट एकच दिसतोय, लांबचा, कुशनलगतचा, दहातला फार तर तीनदा पडणारा. मंगळवार पेठेत तो मारतील. पण बघा, तुमचा ३ नंबर मधल्या पॉकेटाच्या खाली उजव्या लांब कुशनपासून वीतभर आत आहे, आणि खालच्या टोकाला तुमचे ५ आणि ६ शेजारी-शेजारी उभे आहेत, मध्ये व्हाइट जाणार नाही एवढीच जागा. तुम्ही ३ ला एकदम पातळ लागायचं, तो थोडा सरकून कुशनला टेकणार, म्हणजे कुशनची अट पूर्ण. व्हाइट लांब कुशनला लागून खालच्या आडव्या कुशनला आणि तिथनं मेलेल्या वेगानं ५-६ च्या मागं. आता त्याला वरचे दोन्ही पट्टे दिसतच नाहीत. आणि तुमच्या बॉलला आधी लागला तर त्याचाच फाउल.

त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, व्हाइट कुठं थांबतो आणि तुमचा बॉल कुठं जातो. दोन्ही एकदम जमवायला गेलं की एकही जमत नाही. एक ठरवा. ह्या शॉटमध्ये ३ कुठं जातो याचं काही नाही, सगळं लक्ष व्हाइटच्या वेगावर. उलट कधी व्हाइट स्टन करून जागेवर ठेवायचा असतो आणि बॉल लांब पळवायचा असतो.

आणि भिंती तुमच्याच बॉलांच्या असतात. तुमचे बॉल जास्त उरलेत म्हणजे लपायला जागा जास्त, त्याचे बॉल कमी म्हणजे त्याला दिसायला लक्ष्य कमी. म्हणून फ्रेममध्ये मागं पडलेल्या माणसाच्या हातात सेफ्टी हे सगळ्यात चांगलं हत्यार आहे. पोरं करतात उलटं, घाईनं आपले सहा बॉल पाडतात, शेवटचा एक अडकलेला राहतो, आणि मग टेबलावर सगळे त्याचेच बॉल, लपायला एक भिंत नाही.

मंगळवार_पेठकर

५-६ च्या मागचं वाचून वाटलं बघावं मारून. रविवारी बघतो.

ताराबाई_पार्क_मृ

नियमांचं छान लिहिलंय सगळ्यांनी, मला वागण्याबद्दल बोलायचंय कारण खरा त्रास तिथं होतो. आपल्या पार्लरला रेफरी नसतो. मार्कर असतो पण तो चार टेबलं, चहा आणि बिल सगळं बघत असतो. म्हणजे दोघांनीच इमानदारीनं खेळायचं.

'सेफ' म्हणायचं ते समोरच्याला ऐकू जाईल असं म्हणा. पुटपुटणं म्हणजे न म्हणणंच. मी एका मॅचमध्ये बघितलंय, मुलीनं बॉल पाडला, मग म्हणाली मी सेफ म्हणले होते, समोरच्यानं ऐकलंच नव्हतं, आणि अर्धा तास त्यावर गेला. समोरच्यानं मान हलवली की मगच वाका.

सेफ्टीनंतर समोरचा अडकतो, मग तो कुशनवरून किक मारणार (व्हाइट आधी कुशनला, मग बॉलला), तो शॉट बारीक असतो, आधी कुठला बॉल लागला हे डोळ्यानं सांगणं अवघड. अशा वेळी शॉटच्या *आधी* शेजारच्या टेबलवरच्या कुणाला किंवा मार्करला बोलवा, 'जरा हिट बघा'. शॉट झाल्यावर आपापल्या सोयीनं बघितलेलं दोघांनाही वेगळंच दिसतं. हल्ली मोबाईलवर स्लो मोशन लावून पण बघतात, चांगली सोय आहे, पण मोबाईल हातात घेऊन टेबलाला चिकटू नका, खेळणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहणं चुकीचंच.

आणि ज्यानं सेफ्टी मारली त्यानं आपल्या खुर्चीत बसावं. समोरचा विचार करतोय तर त्याच्या मागं उभं राहून 'आता कसा मारतोस बघतो' म्हणणं, क्यूचं बूड आपटणं, मित्राला टाळी देणं, हे करू नका. त्याला वेळ द्या. किक मस्त लागली तर टेबलावर बोटं वाजवा, शाबास म्हणा.

चॉक_आणि_क्यू

मृताई, मोलाचं लिहिलंत. एक जोडतो. हिट बघायला आलेल्याला सुद्धा दिसलं नाही, दोन्ही बॉल एकदमच लागल्यासारखे वाटले, तर निर्णय खेळणाऱ्याच्या बाजूनं जातो, त्याचाच बॉल आधी लागला असं धरतात. यावर हुज्जत घालायची नाही. आणि स्वतःचा फाउल स्वतः सांगायचा. शर्टची बाही बॉलला लागली, बॉल हलला, समोरच्याचं लक्ष नव्हतं, तरी सांगायचं. सेफ्टीच्या खेळात पाळी सतत बदलत असते, एकदा विश्वास उडाला की पुढचा प्रत्येक शॉट भांडणाचा होतो.

रंकाळ्याचा_राजू

अडकल्यावर किक कशी मारायची ते पण सांगा कोणतरी. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस बघितलाय व्हिडिओत, २००४ ला वर्ल्ड आठ-बॉलचा चॅम्पियन झालेला, दोन-तीन कुशन फिरवून नेमका बॉल लावतो आणि वर परत समोरच्यालाच अडकवतो.

गंगावेस_नाईनबॉल

राजू, त्याचा वेगळा धागा काढ, इथं मावणार नाही. एवढंच लक्षात ठेव, किक मारताना नुसतं 'लागला पाहिजे' असा विचार करू नको, लागल्यावर व्हाइट कुठं जाणार तेही बघ. नाहीतर हिट कायदेशीर होतो आणि त्याला सोपा टेबल मिळतो. रेयेसचं मोठेपण त्यातच होतं, किकमधून परत सेफ्टी.

बिंदू_चौक_७५

पैशाचं बोलतो. मूळ प्रश्नात ते होतं आणि सगळे बगल देऊन चाललेत. टेबल तासावर आणि हरणाऱ्यानं भरायचं, असं असेल तर सेफ्टी खेळणाऱ्यावर लोकं चिडणारच, कारण प्रत्येक सेफ्टीला पैसे चढतात आणि ते भरणार कोण हे अजून ठरायचंय. नियमाचा यात दोष नाही, बिलाच्या पद्धतीचा आहे. आमच्याकडं आम्ही साधं केलं. सिरीयस गेम असेल तर तासाचं बिल निम्मं-निम्मं, आणि हरणाऱ्यानं चहा-मिसळ. टाइमपास गेम असेल तर आधीच सांगायचं, आज नुसतं पॉटिंग. गेम सुरू व्हायच्या आधी बोलून घेतलं की मधेच कुणाला चीटिंग वाटत नाही.

राजारामपुरी_ब्रेक

हे पटलं, आमच्याकडं पण बिल निम्मं करायचं काढतो. चॉकभाऊ, समजा दोघंही सेफ्टीवर सेफ्टी मारत बसले आणि गेम पुढंच जात नाही, मग?

चॉक_आणि_क्यू

त्याला पण नियम आहे. खेळ निकालाकडं जात नाही असं रेफरीला दिसलं की तो तसं जाहीर करतो, मग प्रत्येकाला अजून तीन-तीन पाळ्या. तरी काही सरकलं नाही तर ती फ्रेम स्टेलमेट, आणि पहिल्यांदा ज्यानं ब्रेक (डावाचा पहिला शॉट) केला होता तोच परत ब्रेक करून नव्यानं सुरू. रेफरी नसेल तर दोघांनी मिळून ठरवायचं. पण खरं सांगतो, नीट खेळणाऱ्या दोघांत हे क्वचित होतं. पाच-सहा सेफ्टीत कुणाची तरी वेगात चूक होते आणि टेबल उघडतो. अडकून बसतात ते बहुतेक वेळा ब्लॅक आणि दोघांचे बॉल एका पॉकेटाच्या तोंडावर गुंतल्यावर, हात लावणारा हरणार अशी अवस्था असते तेव्हा.

शाहूपुरी_स्नूकर

मुद्दाम फाउल केलेला चालतो का? म्हणजे मला शॉटच नाही, मी व्हाइटला हलकी टिचकी मारतो, त्याचे बॉल एकमेकात गुंतवतो, घे बॉल इन हँड म्हणतो.

गंगावेस_नाईनबॉल

क्यूनं व्यवस्थित शॉट मारून केलास तर तो साधा फाउल, शिक्षा बॉल इन हँड. हातानं बॉल धरणं, क्यू आडवा फिरवून बॉल विस्कटणं, असलं केलंस तर ते खिलाडूपणाच्या विरुद्ध, त्याला जास्त शिक्षा होऊ शकते. मला स्वतःला पहिला प्रकार मान्य आहे, कधीकधी तोच सगळ्यात हुशार शॉट असतो. त्याचा एक बॉल पॉकेटाजवळ, दुसरा ब्लॅकला चिकटवून ठेवलास तर बॉल इन हँड मिळून पण त्याला सगळं संपवता येत नाही. पण दोस्तांच्या गेममध्ये करायचं असेल तर आधी बोलून घे, बऱ्याच जणांना ते झोंबतं.

मंगळवार_पेठकर

आमच्यात अजून एक भांडण हाय. ब्लॅकवर आलेला माणूस सेफ्टी मारतो, ब्लॅक पडत न्हाई, पण व्हाइट पडतो. आमी म्हणतो गेम गेला.

चॉक_आणि_क्यू

बऱ्याच पार्लरला असंच खेळतात, पण वर्ल्ड नियमात गेम जात नाही. ब्लॅक टेबलावरच आहे ना, मग तो साधा फाउल, समोरच्याला बॉल इन हँड. गेम जातो तो ब्लॅक पडला आणि त्याच शॉटला फाउल पण झाला तर, किंवा ब्लॅक न सांगितलेल्या पॉकेटात गेला तर, किंवा आपले बॉल शिल्लक असताना पडला तर, किंवा टेबलाबाहेर उडाला तर. म्हणून ब्लॅकवर सेफ्टी मारताना व्हाइट गेला याची धास्ती घ्या पण त्याहून जास्त धास्ती ब्लॅक चुकून कुठं पडणार नाही याची घ्या. तिथं 'सेफ' म्हणून वाचता येत नाही.

तुमच्या ग्रुपचा जुना नियम वेगळा असेल तर तोच खेळा, पण भिंतीवर लिहून लावा. नवीन पोरगा मोबाईलवरची गेम खेळून येतो, त्याला तुमचा घरचा नियम काय माहिती?

ताराबाई_पार्क_मृ

लिहून लावण्याला माझा जोरात पाठिंबा. एक वही पानाएवढं पुरतं. सेफ मोठ्यानं सांगायचं, हिटनंतर कुशन पाहिजे, फाउलला टेबलावर कुठंही बॉल इन हँड, ब्लॅकवर व्हाइट पडला तर काय. एवढ्या चार ओळींवर निम्मी भांडणं मिटतील.

रंकाळ्याचा_राजू

शेवटचं विचारतो. मी 'सेफ' म्हणलो, माझा बॉल पडला, आणि त्याच्या मागोमाग व्हाइट पण पडला. आता बॉल वर काढायचा का?

चॉक_आणि_क्यू

नाही. तुझा बॉल आतच राहणार, व्हाइट पडला म्हणून फाउल, आणि समोरच्याला बॉल इन हँड. 'सेफ' म्हणाला होतास की नव्हतास यानं तिथं काही फरक पडत नाही.